मंत्र्यांच्या नावापुढचं शून्य

मैलापूर, चेन्नई
४ ऑगस्ट

चि. सौ. सुनेत्रास रघुरामकाकाचे अनेक आशीर्वाद.

तुझ्या पत्राचं उत्तर इतक्या उशिरा लिहितोय, राग धरू नकोस. तू लोकसभेत नोकरीला लागलीस हे कळवलंस तेव्हाच लिहायला घेतलं होतं. मग वाटलं, एवढ्या मोठ्या ठिकाणी बसणाऱ्या सुनेला आठवी शिकलेल्या माणसाने चुका करत काय लिहायचं, आणि ते राहूनच गेलं. आता लिहितोय ते गरज पडली म्हणून. याची मलाच लाज वाटते. आमचं मराठी तंजावरचं, त्यातून मद्रासेत जन्म गेला. कुठे वाकडंतिकडं वाटलं तर संजीवला विचार. तुझा नवरा तसाच माझ्या चुलतभावाचा मुलगाही आहे, त्याला आमची बोली कळते.

फोन केला नाही, कारण फोन ऐकतात म्हणे. तूही करू नकोस. टपालानेच लिही.

आमच्या नातीने, संयुक्ताने, एक उद्योग करून ठेवला आहे. तुला ठाऊकच आहे, तिचे आईबाप मस्कतला आणि ती इथे माझ्याकडे. नुंगंबाक्कमला कंप्युटरच्या कंपनीत जाते. रविवारी मैत्रिणींबरोबर एन्नोरला कोळ्यांच्या वस्तीत जाते. तिथली खाडी वीजकेंद्राच्या राखेने भरत चालली आहे, जाळ्यात मासळीऐवजी गाळ येतो, म्हणून ह्या पोरी अर्ज लिहून देतात. खाडी साफ करायचं काम दिल्लीत ज्या खात्याकडे आहे, त्याचे मंत्री नेमके आमच्या भागातून निवडून गेलेले. जुने, मोठे मंत्री. रस्त्याच्या तोंडाशी त्यांचा दोन माणसं उंच फलक असतो.

गेल्या महिन्यात संयुक्ता संध्याकाळी फोन घेऊन आली.

“ताता, पाहा.”

फोनवर मंत्र्यांचं चित्र आणि त्यापुढे भलंमोठं शून्य.

“हे काय गं?”

“आपले मंत्री संसदेत किती बोलले त्याचा हिशोब. पाच वर्षांत विचारलेले प्रश्न शून्य. चर्चेत भाग शून्य. कुणी केलंय ओळखा.”

“कुणी?”

“तुमच्या नातीने!”

खोटं कशाला सांगू, मीही हसलो. दुसऱ्या दिवशी रिक्षावाला तेच चित्र दाखवून हसला. मग देवळापुढचा फूलवाला हसला. मग माझं हसू गेलं. तळ्याजवळ मंत्र्यांच्या पक्षाची कचेरी आहे. तिथला एळुमलै कर्ण्यावर बोलला, “हे कुणी केलं ते आम्ही शोधून काढू, आणि सापडल्यावर त्याला मोजायला शिकवू.” हे मी माझ्या कानांनी ऐकलं. हातातली भाजीची पिशवी खाली पडली.

तुम्ही तरुण लोक हसाल. मी प्रेसमध्ये बाइंडर होतो. आणीबाणीत आमच्या एका कंपोझिटरला घेऊन गेले. चूक त्याची नव्हती, त्याने फक्त कुणाच्या तरी पत्रकाचे छपाईचे खिळे जुळवले होते. परत आला तेव्हा हाताला कंप सुटलेला. पुन्हा एक ओळ त्याला नीट जुळवता आली नाही. ते हात मला रोज दिसतात.

चित्रावर संयुक्ताचं नाव नाही, पण असल्या गोष्टी कुठे लपतात? तू तिथे मंत्र्यांच्या समोरच बसतेस ना? मला एवढं सांग, हा माणूस खरंच काही बोललेला नाही का? बोलला असेल तर पोर खोटी ठरेल आणि तिला धरतील. बोलला नसेल तर जास्तच चिडतील. आणि कधी तुझ्याशी हसून बोलले, तर एखादा शब्द टाकशील का? लहान मुलगी आहे म्हणावं.

तुझा,
रघुरामकाका


नवी दिल्ली
१० ऑगस्ट

ती. रघुरामकाकांस सा. न.

तुमचं पत्र वाचून आधी हसू आलं, मग हसल्याबद्दल वाईट वाटलं. तुम्ही म्हणालात म्हणून टपालानेच लिहितेय.

काका, मी मंत्र्यांच्या समोर बसते हे खरं. सभागृहाच्या मधोमध टेबल असतं, तिथे आम्ही प्रतिवेदक पाळीपाळीने बसतो आणि जो जे बोलेल ते शब्दन् शब्द उतरवतो. पाळी संपली की बाहेर जाऊन ते टाइप करायचं, तोवर दुसरी येऊन बसते. पण त्यांच्या लेखी मी आणि ते टेबल सारखेच. आजवर एकाही मंत्र्याने मला नाव विचारलेलं नाही. शब्द टाकणं सोडाच, मान वर करायलाही सवड नसते.

आता मुख्य गोष्ट. तुमचे मंत्री भरपूर बोलतात! मीच त्यांना कितीदा उतरवून घेतलंय. आवाज खणखणीत, एकही वाक्य अर्धवट सोडत नाहीत, आम्हाला असे लोक आवडतात. पण मंत्री प्रश्न विचारत नसतात, काका. ते उत्तरं देतात. सरकार तेच, मग ते प्रश्न विचारणार कुणाला? शाळेत मास्तरांनी किती वेळा हात वर केला हे कुणी मोजतं का? खासदारांची हजेरी आणि प्रश्न मोजणारी जी संकेतस्थळं आहेत, ती मंत्र्यांच्या नावापुढचा रकाना म्हणूनच रिकामा ठेवतात. संयुक्ताने माहिती मशीनकडून गोळा करवली असणार, आणि मशीनने रिकाम्या जागेला शून्य मानलं.

म्हणजे चूक तिचीच आहे. चूक आहे तोवर ती दुबळी आहे. तिला सांगा, ते चित्र आजच काढ आणि चूक झाली असं सरळ शब्दांत लिही. नाव नाहीच, तेव्हा घाबरायचं कारण नाही. आठवड्याभरात लोक दुसऱ्या कशावर तरी हसायला लागतील.

तुम्ही मात्र काही करू नका. कुणाकडे जाऊ नका, कुणाशी बोलू नका. बीपीची गोळी घ्या आणि सकाळी तळ्याभोवती चालत जा.

संजीवचा नमस्कार.

सुनेत्रा


मैलापूर
१७ ऑगस्ट

चि. सौ. सुनेत्रास आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. मास्तरांचं उदाहरण फार आवडलं. संयुक्ताला अजून काही सांगितलेलं नाही, कारण तुझं पत्र यायच्या आधीच मी सगळं मिटवून टाकलं. आता काळजीचं कारण उरलं नाही.

झालं असं, मला झोप लागेना. मोटरसायकल दारावरून गेली तरी उठून बसायचो. शेवटी विचार केला, शोधत शोधत ते आपल्या दारी येण्यापेक्षा आपणच जावं. मोठ्या माणसाने पाऊल टाकलं की मान राहतो. धुतलेलं धोतर नेसलो, अंगवस्त्र घेतलं, ताटात केळी, विड्याची पानं, सुपारी ठेवली आणि एळुमलैच्या कचेरीत गेलो.

तू त्याला पाहिलं नाहीस. कर्ण्यावर बोलतो तसा तो मुळीच नाही. मला खुर्ची दिली, कॉफी मागवली.

“या, राव सार. तुम्ही मराठी राव लोक म्हणजे मैलापूरची शान. काय सेवा करू?”

मी हात जोडले. “अय्या, साहेब, ते शून्याचं चित्र माझ्या नातीने केलं. आई जवळ नसलेली मुलगी. सोडून द्या.”

त्याने कॉफीचा पेला माझ्यापुढे सरकवला. मग हसला. “अरेरे, एवढंच ना? नाव काय म्हणालात मुलीचं?”

“संयुक्ता.”

“छान नाव. कुठे असते कामाला?”

मी कंपनीचं नाव सांगितलं. तिचा फोन नंबर मला पाठ नव्हता, म्हणून खिशातल्या चिठ्ठीवरून वाचून दाखवला. त्याने आपल्या फोनमध्ये घालून घेतला. कुणाबरोबर एन्नोरला जाते हेही त्याने आस्थेने विचारलं. निघताना मला दारापर्यंत पोचवायला आला आणि म्हणाला, “राव सार, तुमच्यासारखी सरळ माणसं आहेत म्हणून आम्हाला गोष्टी कळतात तरी.”

किती सभ्य माणूस! उगाच मी जिवाला घोर लावून घेतला होता.

एक गोष्ट फक्त विचारायची आहे. तेव्हापासून आमच्या गल्लीच्या तोंडाशी दोघं जण मोटरसायकल लावून उभे असतात. संयुक्ता निघाली की तेही निघतात. एळुमलैने तिच्या रक्षणासाठी ठेवले असतील असं मी मनाशी म्हणतो. तुला काय वाटतं?

काका


नवी दिल्ली
२२ ऑगस्ट

ती. काका,

हे काय केलंत तुम्ही!

मोठ्यांना असं लिहू नये, पण दुसरं काही सुचत नाही. ते दोघं तिच्या रक्षणासाठी नाहीत. त्या लोकांना तिचं नाव ठाऊक नव्हतं, काका. शोधूनही लवकर सापडलं नसतं. आता नाव, नोकरी, नंबर, मैत्रिणी, सगळं त्यांच्याकडे आहे.

हे पत्र वाचून झालं की तिला समोर बसवा आणि सगळं सांगा. केळ्यांसकट. तिला बेसावध ठेवणं हे तुमच्या भीतीपेक्षा वाईट आहे. तिने चुकीचं चित्र ताबडतोब मागे घ्यावं. ओळखीचा वकील असेल तर त्याच्या कानावर घालावं. रात्री तिला एकटीला येऊ देऊ नका.

आणि एक विनंती. माझं नाव कुठेही घेऊ नका. मी तुम्हाला सांगितलं ते सगळं उघड आहे, कुणीही वाचू शकतं, तरी आमच्या नोकरीत तोंड बंद ठेवणं हाच पहिला नियम. मी अजून पक्की झालेली नाही.

रागावले नाहीये. घाबरलेय.

सुनेत्रा


मैलापूर
५ सप्टेंबर

चि. सौ. सुनेत्रास आशीर्वाद.

तुझं पत्र वाचलं. दोन दिवस ते उशीखाली ठेवलं. तिसऱ्या दिवशी संयुक्ता दहीभात खात होती, तेव्हा बोललो. ती खात असताना बोलायला नको होतं.

“संयुक्ता, मी एळुमलैला भेटलो.”

“कशाला?”

“तुझ्यासाठी माफी मागायला.”

“माझं नाव सांगितलंत?”

“नाव न सांगता माफी कुणाची मागायची?”

तिने चमचा खाली ठेवला. मग एकदम हसायला लागली, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. “ताता, मला शोधायला त्यांना सायबर पोलीस लागले असते. आणि तुम्ही केळी घेऊन गेलात!”

“विडाही नेला होता,” मी म्हणालो. काय बोलतोय तेही कळत नव्हतं.

“म्हणजे लग्नच ठरवून आलात की.”

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. उठून तिने माझ्या डोक्यावरून हात फिरवला, जसा मी ती लहान असताना तिच्या डोक्यावरून फिरवत असे. मग आत जाऊन दार लावून घेतलं. मी दाराशी बसून राहिलो.

दुसऱ्याच दिवशी कंपनीने तिला बोलावून सांगितलं, तक्रार आली आहे, चौकशी होईपर्यंत घरी बस. तक्रार कुणाची ते सांगेनात. एन्नोरच्या दोन मैत्रिणींच्या घरीही कुणी तरी जाऊन आलं. त्यांतली एक आता आमच्याकडे येत नाही.

शून्याच्या चुकीबद्दल मात्र तिने ऐकलं. तू सांगितलंस असं म्हणालो नाही, एका जाणत्या माणसाने सांगितलं म्हणालो. तिने स्वतः पडताळून पाहिलं आणि कपाळावर हात मारला. शून्याचं चित्र काढलं. त्या जागी आपल्या नावाने लिहिलं, “चूक माझी. रिकामी जागा म्हणजे शून्य नव्हे. मंत्री बोलतात.” एळुमलैने संध्याकाळी मैसूरपाक पाठवला. मोटरसायकलही दिसेनाशी झाली. माझ्या जिवात जीव आला. देवळात जाऊन नारळ फोडला.

इथे पत्र संपवता आलं असतं तर किती बरं झालं असतं.

नोकरी नाही, तेव्हा दिवसभर घरात. मी म्हटलं, “जरा टीव्ही बघ, झोप काढ.” ती म्हणाली, “चुकीचं मोजलं ना ताता, आता बरोबर मोजते.” लोकसभेत जे बोललं जातं ते सगळं छापून ठेवलेलं असतं आणि कुणालाही वाचता येतं, असं म्हणाली. तुम्हीच ते लिहिता ना? ती सकाळी बसते ती दिवे लागेपर्यंत वाचते. परवा मला हाक मारली.

“ताता, ऐका. एन्नोरच्या खाडीबद्दल एका खासदाराने विचारलं. मंत्री म्हणाले, माहिती गोळा करण्यात येत असून ती सभागृहाच्या पटलावर ठेवण्यात येईल.”

“बरं झालं की. ठेवू देत.”

“हे तीन वर्षांपूर्वीचं. आता पुढचं ऐका. दुसरे खासदार, तोच प्रश्न. माहिती गोळा करण्यात येत असून ती सभागृहाच्या पटलावर ठेवण्यात येईल.”

ती वाचतच गेली. साल बदलायचं, विचारणारा बदलायचा, उत्तर तेच. पुढच्या वेळी ती सुरू करायच्या आधी माझ्याच तोंडून ते वाक्य बाहेर पडलं. पटलावर काहीच ठेवलेलं तिला सापडलं नाही. म्हणाली, एन्नोरच्या बायकांना प्रत्येक अर्जावर सांगतात की दिल्लीत विषय सुरू आहे. तो असा सुरू आहे.

सुनेत्रा, शून्यच बरं होतं गं. शून्य खोटं होतं, तेव्हा माफी मागता आली. हे खरं आहे. खऱ्याची माफी कशी मागायची? ती हे सगळं मांडणार म्हणते, तारखांसकट, नावासकट. मी काय करू?

काका


नवी दिल्ली
१२ सप्टेंबर

ती. काकांस नमस्कार.

हे पत्र घरून लिहितेय, पोस्टातही संजीवच टाकेल. यापुढे काही दिवस मला लिहू नका.

ते वाक्य मला ठाऊक आहे. आम्ही सगळेच ते झोपेतसुद्धा टाइप करू. तुमच्या मंत्र्यांच्या तोंडचं एकदा मीच उतरवलंय. त्या दिवशी मला एवढंच वाटलं की बरं झालं, सोपं वाक्य आहे, हात जरा थांबेल. एन्नोर म्हणजे काय, कुठे आहे, हे डोक्यात आलंही नाही.

छापील नियमांत आहे म्हणून सांगते. मंत्री सभागृहात असं बोलले की ते आश्वासन धरतात. तीन महिन्यांत ते पुरं करावं लागतं, नाही तर मुदत मागून घ्यावी लागते. खासदारांची एक समिती त्याचा पाठपुरावा करते. म्हणजे संयुक्ताला जे सापडलंय ते हसण्यावारी नेण्यासारखं नाही. शून्यावर लोक हसले आणि विसरले. याचं उत्तर कुणाला तरी द्यावं लागेल. ज्याला द्यावं लागेल तो आधी तिच्याकडे बघेल.

म्हणूनच, मला विचाराल तर तिला थांबवा. निदान नोकरीचं मिटेपर्यंत. मीच तुम्हाला लिहिलं होतं, चूक आहे तोवर ती दुबळी आहे. बरोबर असण्याने माणूस सुरक्षित होतो असं मला तेव्हा वाटत होतं. आता तसं म्हणवत नाही.

आमच्याकडे परवा सगळ्यांना बोलावून सांगितलं, बाहेरच्यांशी कामाबद्दल चर्चा करू नये. नेहमीचीच सूचना असेल. पण साहेब माझ्याकडे बघून बोलले असं मला वाटलं. संजीव म्हणतो, हा माझ्या मनाचा खेळ.

तब्येत जपा.

सु.


मैलापूर
२० सप्टेंबर

चि. सौ. सुनेत्रास अनेक आशीर्वाद.

लिहू नका म्हणालीस तरी लिहितो. पाकिटावर पाठवणाऱ्याचं नाव घातलेलं नाही. वाचून झालं की फाडून टाक.

मंगळवारी एळुमलै स्वतः घरी आला. चपला बाहेर काढल्या, देवाच्या तसबिरीला नमस्कार केला, मग बसला. देवळाशेजारच्या उत्तर माड वीथीवर नवरात्रात घरोघरी मांडायच्या बाहुल्यांचा बाजार भरला आहे, तिथून त्याने संयुक्तासाठी एक जोडी आणली होती, लाकडी राजा-राणी. ती नाइलाजाने “थँक्स” म्हणाली आणि चहा टाकायला आत गेली.

“राव सार, येत्या नाही, त्याच्या पुढच्या रविवारी आमच्या साहेबांचा सत्कार आहे. इथल्याच संगीत सभेच्या हॉलमध्ये, जिथे तुम्ही गाण्याची कच्चेरी ऐकायला जाता. संसदेत पंचवीस वर्षं झाली. उत्कृष्ट वक्ता म्हणून मानपत्र द्यायचं आहे. साहेबांची इच्छा आहे की तुमच्या मुलीने स्टेजवर यावं.”

“ती कशाला?”

“तिचं शून्य चुकलं होतं, एवढं तिने स्वतःच्या तोंडाने सांगावं, साहेबांना हार घालावा. टीव्हीवाले येतील. दुसऱ्या दिवशी कंपनी तिला परत बोलावेल. माझा शब्द.” मग त्याने आवाज खाली आणला. “ती हल्ली फार वाचते म्हणे?”

तिच्या वाचण्याचं मी कुणालाही सांगितलं नव्हतं.

“वाचू दे. पण रेकॉर्ड म्हणजे काय हो, त्यात दुरुस्त्या होतात. आज दिसतं ते उद्या तसंच दिसेल असं नाही. मग वाचणाराच खोटा पडतो. सांभाळा तिला.”

संयुक्ता चहा घेऊन बाहेर आली. तिने सगळं ऐकलं होतं.

“येईन की,” ती म्हणाली. “माइक देणार ना?”

एळुमलै खूश झाला. “देणार म्हणजे? पहिली तूच बोलशील!”

तिचा चेहरा मी ओळखतो, सुनेत्रा. तिच्या आजीचा असाच व्हायचा. सासऱ्यांसमोर मान खाली घालून “हो” म्हणायची आणि मग मनात असेल तेच करायची.

मी एळुमलैला पोचवायला जिन्याखाली उतरलो. खाली त्याने माझा हात हातात घेतला.

“राव सार, तुम्ही सरळ माणूस. पहिल्यांदा तुम्हीच खरं सांगितलंत. आताही सांगा. पोर स्टेजवर तेवढंच बोलेल ना? मनात दुसरं काही नाही ना तिच्या?”

मला खरं ठाऊक होतं. तिने काय वाचायचं ठरवलंय ते तिने मला आदल्याच दिवशी म्हणून दाखवलं होतं. शून्य चुकीचं होतं हे ती म्हणेल. हार घालेल. मग मंत्री खाडीबद्दल दर वेळी काय बोलले ते त्यांच्याच शब्दांत, तारखेसकट वाचेल, आणि एवढंच विचारेल की ती माहिती गोळा झाली का. एन्नोरच्या बायका हॉलमध्ये मागे बसलेल्या असतील. मी सांगितलं असतं तर रविवारी ती घरात बसली असती, कदाचित तिच्या अंगाला धक्का लागला नसता. तोंडाशी आलं होतं. एकदा सांगून चुकलेला माणूस मी, पुन्हा सांगायला मला काहीच अवघड नव्हतं. गल्लीच्या तोंडाशी ती मोटरसायकल पुन्हा उभी होती.

“तेवढंच बोलेल, अय्या,” मी म्हणालो. “फार साधी मुलगी आहे.”

तो गेल्यावर मी जिन्याच्या पायरीवरच बसलो. संयुक्ता खाली आली, शेजारी बसली.

“काय विचारत होता?”

“विचारत होता, तू काय बोलणार.”

“आणि तुम्ही?”

“खोटं बोललो.”

“ताता, तुम्हाला भीती नाही वाटली?”

“वाटते,” मी म्हणालो. “रविवारी मीही येणार. पहिल्या रांगेत बसणार. माझे पाय कापले तर तिकडे बघू नकोस, वाचत राहा.”

असं म्हटलं खरं, पण तेव्हापासून चैन नाही. स्टेजवरून तिला ओढतील का, माइक बंद करतील का, हॉलच्या मागच्या दाराने आम्हाला निघता येईल का, हेच डोक्यात फिरतं. काल ते दार बघून आलो, कुलूप असतं. तिच्या बापाला मस्कतला कळवलेलं नाही. त्याने मला काय म्हटलं असतं ते मी स्वतःलाच म्हणतो आहे.

आणि सगळ्यांत मोठी भीती एळुमलैच्या त्या रेकॉर्ड बदलण्याच्या बोलण्याची. म्हणून हे पत्र. तुझं नाव मी घेतलेलं नाही, घेणार नाही. तुझी नोकरी धोक्यात येईल असं काही करू नकोस. मंत्र्यांशी बोलू नकोस, तुझ्या साहेबांना विचारू नकोस. पण तू म्हणालीस ना, एकदा ते वाक्य तुझ्याच हाताने उतरवलंस. सभागृहात बोललेलं मागाहून पुसता येतं का? संयुक्ताला कंप्युटरवर दिसतं ते उद्या बदललं तर? तुमच्याकडचं मूळ छापलेलं नुसतं एकदा उघड आणि डोळ्यांनी बघ, मंत्री बोलले ते जिथे होतं तिथेच आहे का. तिथे असेल तर माझी पोर एवढ्या माणसांत खरी उभी राहील, मग होईल ते होईल. पुसलं असेल, तर ती पुन्हा एकदा खोटी ठरेल, आणि या वेळी माफी मागायला मला कुठलंही दार उरलेलं नाही. तसं असेल तर रविवारच्या आधी मी स्वतः तिच्या पाया पडून तिला अडवीन.

“आहे” किंवा “नाही”, एवढा एकच शब्द पुरे. सही करू नकोस. पण लवकर कळव, सुनेत्रा. सत्काराच्या रविवारच्या आत कळव.

तुझा,
रघुरामकाका